जागेवरून माणसं उठवण्याचा धंदा

कुवेतमध्ये मी साधारण चार वर्षं क्रिकेटच्या सट्ट्यावर घर चालवलं. आज हे वाक्य मी बिनधास्त लिहितो, पण त्या काळात ते मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. तिथे जुगार हा गुन्हा, आणि परदेशी माणसाच्या गुन्ह्याचा शेवट विमानतळावर. त्यामुळे कागदोपत्री मी एका फरशांच्या दुकानात सेल्समन होतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ‘परचेस’मध्ये होतो, डॉक्टरसाठी इन्शुरन्समध्ये होतो, आणि बायकोच्या दृष्टीनं मी फक्त ‘तुमचं ते’ करत होतो. “तुमचं ते आज किती वाजता संपणार? कुकर लावायचाय.” चार वर्षांत तिनं त्या गोष्टीचं नाव म्हणून घेतलं नाही.

सट्टेबाज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रेशमी शर्ट, सोन्याची चेन, आजूबाजूला हांजी हांजी करणारी दोन माणसं असं काहीतरी येतं. माझा प्रवेश निराळा होता. पडदा वर गेला की रंगमंचावर बनियन, चेक्सची लुंगी, दोन टेलिफोन, एक दोनशे पानी वही आणि दहीभात. दहीभात अशासाठी, की दुसरं काही पोटात टिकायचंच नाही.

मी तिथे गेलो तो युद्धानंतर, त्र्याण्णव साली, ड्राफ्ट्समन म्हणून. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत दुरुस्तीची कामं जोरात चालू होती. आमच्या कॉन्ट्रॅक्टरला नकाशे काढणारी माणसं हवी होती. चार वर्षांनी कामं संपली आणि कॉन्ट्रॅक्टरनं आम्हाला हात जोडले. बायको जलीबच्या एका भारतीय शाळेत शिकवत होती, मुलगी त्याच शाळेत जायची, महबूल्यात समुद्रापासून दोन गल्ल्या आत भाड्याचा फ्लॅट होता. परत जायचं जिवावर आलं होतं. एका कफीलच्या, म्हणजे तिथल्या जामीनदार मालकाच्या कृपेनं माझा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, फरशांच्या दुकानावर चढला, त्या दुकानात मी एकूण तीनदा गेलो, आणि घरी बसून मॅचेस बघू लागलो. आधी चुलतभावाच्या नावानं गंमत म्हणून थोडंसं लावलं. मग तीच गंमत पोटाला लागली.

यात माझी हुशारी होती ती एवढीच. फोनवर मुंबईचा जो माणूस मला भाव द्यायचा, त्याच्याकडे देशभरातले लोक भारतावर पैसे लावायचे. प्रेमानं लावायचे, देवाला नवस बोलून लावायचे. सगळे एकाच बाजूला धावले की त्या बाजूला काही मिळत नाही. मिळायचं ते दुसऱ्या बाजूला. म्हणून मी बहुतेक वेळा भारत हरण्यावर पैसे लावायचो. देशद्रोह वगैरे म्हणू नका, आकडेमोड म्हणा. दहापैकी सहा वेळा ती बरोबर यायची, आणि सहा वेळा बरोबर येणारा माणूस घरभाडं भरू शकतो.

बायकोला हे मी पहिल्याच महिन्यात सांगितलं. ती नाशिकची आहे, आरडाओरडा करत नाही. तिनं पेपर तपासता तपासता लाल पेन खाली ठेवलं.

“पोरीला कळायचं नाही,” ती म्हणाली.

“नाही कळणार.”

“नाटक नकोय. मी सांगतेय ते ऐका. ज्या दिवशी तिला कळेल, त्या वर्षीची शाळा संपली की आम्ही दोघी नाशिकला. तुम्ही बसा इथे तुमचं ते करत.”

मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. ती पुन्हा पेपर तपासायला लागली.

या धंद्यात हरण्याचा त्रास होतो असं लोकांना वाटतं. हरण्याचा त्रास एक संध्याकाळ होतो. खरा त्रास घड्याळाचा. न्यूझीलंडचं क्रिकेट कुवेतच्या मध्यरात्री सुरू व्हायचं, ऑस्ट्रेलियाचं पहाटे, भारतातलं सकाळी, शारजाचं दुपारी, आणि वेस्ट इंडीजचं संध्याकाळी, ते तुम्ही अंथरुणावर पाठ टेकली तरी चालूच. जगात कुठे ना कुठे कुणीतरी गोलंदाज धावतच असायचा, आणि तो धावायला लागला की माझ्या पोटात कळ यायची. मी झोपेत दात खायचो. बायको म्हणायची, कुणीतरी खलबत्त्यात सुपारी कुटतंय असं वाटतं. फोन वाजला की घाम, फोन वाजला नाही की जास्त घाम. नखं कुरतडून संपली तेव्हा मी पेन्सिली चावायला घेतल्या आणि पोरगी शाळेत बाईंना सांगून आली की आमच्या घरी उंदीर झालेत.

शेवटी बायकोनं पॉलिक्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर इजिप्तचा, माझ्याहून जाडा, टेबलावर पिस्त्यांची बशी. त्यानं दंडाला पट्टा गुंडाळला, पारा बघितला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा बघितला.

“हबीबी, काम काय करतोस?”

“इन्शुरन्स,” मी म्हणालो. बायको छताकडे बघत होती.

“कसला इन्शुरन्स?”

“म्हणजे… कोण पडेल, कोण उभं राहील, याचा अंदाज.”

“ओहो! लाइफ इन्शुरन्स!” त्यानं मान डोलावली. “फार वाईट काम. माझा मेहुणा करायचा. खलास, सोड ते. आणि हे बघ, मनाला विरंगुळा पाहिजे. तुम्ही इंडियन लोक क्रिकेट बघता ना? बघत जा.”

घरी येईपर्यंत बायको टॅक्सीत खिडकीबाहेर तोंड करून हसत होती. मीही हसलो. तो त्या महिन्यातला आमचा एकमेव विरंगुळा.

गोळ्या घेतल्या. समुद्रावर फिरायला जायला लागलो, तर लाटा मोजायला लागलो, आणि सातवी लाट मोठी येणार की आठवी यावर मनातल्या मनात भाव काढायला लागलो. फिरणं सोडलं. आमच्या इमारतीखाली रत्नागिरीकडच्या एका मुसलमान गृहस्थाचं बकाला, म्हणजे वाणसामानाचं दुकान होतं. त्याला माझं सगळं माहीत होतं, कारण सुरुवातीला मी त्याच्या फोनवरून मुंबईला बोलू पाहिलं होतं आणि त्यानं रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला होता. “माझ्या फोनवरनं हा धंदा नको. मना हराम. बाकी तुमी भावासारखे.” त्यानंतर मी दिसलो की तो न मागता लबनची बाटली पुढे करायचा. लबन म्हणजे तिकडचं ताक.

“प्या. पोट थंड होयल. रात्री निजलाव काय?”

“दोन तास.”

“दोन तास तं माझी मांजर पण नाय निजत, दिवसभर निजते.” मग बाटलीचं झाकण उघडून देत, “सोडा ओ ते. तुमचं तोंड बघून माझं गिऱ्हाईक परत जातं.”

शेवटचा उपाय बायकोनं काढला, आणि तिथेच सगळं बिघडलं. तिचं म्हणणं, घरात चार माणसं असली की तुम्ही माणसांत असता. एकटे असलात की भिंतीशी बोलता. तेव्हा शुक्रवारी मॅच असेल तर लोकांना बोलवायचं. डिश आमच्याकडे, चॅनेलचं कार्ड आमच्याकडे, गालिचा मोठा. शुक्रवार सुट्टीचा. महबूल्यातली तीन-चार मराठी कुटुंबं यायला लागली. कुणी पोहे आणायचं, कुणी साबुदाण्याचे वडे, कुणी नुसतीच भूक. बायकोची कल्पना चांगलीच होती. तिला एवढंच लक्षात आलं नाही, की भारत हरण्यावर पैसे लावलेल्या माणसाच्या घरी ती भारतासाठी जीव टाकणारी पंधरा माणसं जमवत होती.

मी मराठी मंडळाच्या नाटकांत रडक्या बापाच्या भूमिका करायचो. टाळ्या घ्यायचो. पण त्या वर्षभरात दर शुक्रवारी मी जे काम केलं, त्याच्या तोडीचं कुठल्याही रंगमंचावर केलं नाही. आपला चांगला फलंदाज बाद झाला की पोटातली गाठ सैल व्हायची आणि त्याच क्षणी कपाळावर हात मारून “अरे देवा!” म्हणायचं. आपल्यानं चौकार मारला की आतडं पिळवटायचं आणि उठून नाचायचं. लोक म्हणायचे, यांच्यासारखा भारतीय संघाचा भक्त नाही, बघा चेहरा कसा पांढरा पडतो! शुक्रवार संपला की माझे गाल दुखायचे. मी बायकोला म्हणालो, एकट्यानं भिंतीशी बोलायचो तेच हलकं होतं. ती म्हणाली, पण रक्तदाब उतरलाय.

उतरला नव्हता. पट्टा सैल झाला होता.

आता त्या गालिच्यावरच्या कायद्याबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या कंपूची मुख्य न्यायाधीश म्हणजे पुण्याच्या एका इंजिनीअरची बायको. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. तिचा नियम एकच: आपली जोडी जमली की जो जिथे बसलाय तिथे बसायचं. पाय लांब असेल तर लांब, दुमडलेला असेल तर दुमडलेला. पाणी प्यायला उठायचं नाही. दाराची बेल वाजली तर वाजू दे. जो उठेल आणि विकेट पडेल, ती विकेट त्याच्या नावावर. तिचा नवरा रिफायनरीत शेकडो प्रेशर गेज सांभाळायचा, दर गोष्टीचं कारण विचारायचा, आणि शुक्रवारी पायाला मुंग्या आल्या तरी मांडी मोडायचा नाही.

“अहो, हे शास्त्रीय नाही,” मी एकदा म्हणालो.

“माहीत आहे,” तो दातांवर दात ठेवून म्हणाला. “पण रिस्क कोण घेणार?”

मी मनात हसलो. माझी वही होती. खेळपट्टी, हवा, नाणेफेक, कोण डावखुरा, कुणाचा गुडघा दुखतो, सगळं त्यात. मी अभ्यासक होतो.

मग एका शुक्रवारी आपली जोडी काही केल्या फुटेना, आणि कुणाचं तरी बाळ रडलं म्हणून वहिनीच उठल्या. पुढच्या चेंडूवर विकेट. वहिनींनी स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली. मी कपाळावर हात मारला. आणि सगळे गेल्यावर वही उघडून, खेळपट्टीच्या रकान्याशेजारी, मी अभ्यासक, सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘व. उठल्या. वि. पडली.’

दमलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं ते मी तुम्हाला सांगतो. त्याला माहीत असतं की हा मूर्खपणा आहे. पण दोन तास झोपलेल्या डोक्यात माहिती एका खोलीत असते आणि हात दुसऱ्या खोलीत. पुढच्या शुक्रवारी जोडी जमली आणि मी अगदी सहज म्हणालो, “वहिनी, जरा चहाचं बघता का? तुमच्या हातचा आलं घातलेला…” त्या उठल्या नाहीत, पण दुसरी एक बाई उठली, आणि दोन षटकांत विकेट. त्याच्या पुढच्या वेळी इंजिनीअरसाहेबांना म्हणालो, “साहेब, खाली तुमच्या गाडीमागे कुणीतरी गाडी लावलेली दिसतेय.” ते तीन मजले उतरून गेले. विकेट पडली. ते घामाघूम होऊन वर आले आणि म्हणाले, “कुणी नाहीये हो.” “गेला असेल,” मी म्हणालो.

वहीत आता एक नवा रकाना होता. ज्या वेळी माणूस उठवूनही विकेट पडली नाही, त्या वेळा मी लिहिल्या नाहीत. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. आमच्याशी मराठीत सुरू करायची आणि रागावली की इंग्रजीत जायची. तिला क्रिकेटचं वेड, म्हणजे खऱ्या माणसाचं वेड, ज्यात आपण जिंकलो की जेवण जास्त जातं. वहिनींची, म्हणजे तिच्या काकूंची, ती लाडकी शिष्या. जागेचा नियम तिच्याइतका कडक कुणी पाळला नाही.

तर तो शुक्रवार. सामना भारतात होता, म्हणजे आमच्याकडे सकाळी साडेसहाला सुरू. समोर कोण होतं ते सांगत नाही, कारण काही वाचक जुने स्कोअर शोधून काढतील आणि मग कोणत्या बाजूला मी पैसे लावले होते यावरून माझ्याशी भांडतील. आकडाही सांगत नाही. एवढंच सांगतो, की त्याआधीचे दोन महिने माझे वाईट गेले होते आणि त्या दिवशी मी एरवीच्या दुपटीपेक्षा जास्त अडकवले होते. आपण दुसऱ्यांदा खेळत होतो. तीन लवकर गेले, माझं पोट शांत झालं, मी अर्धा वडा खाल्ला. आणि मग जोडी जमली.

जमली म्हणजे काय, घर बांधून राहायलाच आली. पन्नास, ऐंशी, शंभर. बाहेरच्या मशिदीतली जुम्म्याची नमाज संपली, लोक पांगले, तरी हे दोघे खेळतच होते. घरात पंधरा माणसं पुतळ्यासारखी. कुणाचा हात हवेत, कुणाची मान वाकडी. मी माझे सगळे प्रयोग केले. चहा. गाडी. “तुमच्या घराचा गॅस बंद केला होता ना, वहिनी?” त्या चटकन उठून शेजाऱ्यांना फोन करायला गेल्या, परत आल्या. काही नाही, वर एक चौकार. एकेक करून मी जवळजवळ सगळी खोली उठवून बसवली. जोडी तशीच.

फक्त एक माणूस उठलं नव्हतं. पोरगी. टीव्हीच्या टेबलाला टेकून, एक पाय खाली दुमडून, दीड तास. तिला बाथरूमला जायचं होतं हे अर्ध्या तासापासून सगळ्यांना दिसत होतं. ती ओठ चावत होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि सगळे तिला धीर देत होते.

“शूर आहे गं माझी बाय,” वहिनी म्हणाल्या. “अजून आठच ओव्हर!”

“मला कॅन आय जस्ट…”

“नाही हं सोन्या. तुझ्यावरच चाललंय सगळं.”

मला ते पटलं होतं. तुम्हाला हसू येईल, पण मला शंभर टक्के पटलं होतं की सगळं तिच्यावर चाललंय. वही, खेळपट्टी, गुडघे, सगळं डोक्यातून गेलं होतं. त्या खोलीत फक्त एक दुमडलेला लहान पाय होता आणि तो हलला की माझी सुटका होती.

मी उठलो. माझा रडक्या बापाचा नाही, दुसरा, कडक बापाचा आवाज लावला. “बास झालं. ऊठ. बाथरूमला जाऊन ये. लहान मुलीला असं बसवून ठेवतात का? काय चाललंय काय हे!”

खोलीत “अहो, अहो!” झालं. पण बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “बरोबर बोलताहेत ते. जा गं तू.” तिनं माझ्याकडे जरा प्रेमानंसुद्धा बघितलं. बऱ्याच दिवसांनी.

पोरगी माझ्याकडे बघत उठली. पाय बधिर झाला होता, भिंतीला धरून गेली. बाथरूमची कडी लागली आणि यष्टी उडाली. ती बाहेर यायच्या आत दुसरा धावबाद. पुढच्या अर्ध्या तासात उरलेले सगळे आटोपले.

कुणी तिला रागावलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. चेष्टाच केली. “काय गं, घालवलीस ना आमची मॅच?” “हिला पुढच्या वेळी सकाळपासून पाणीच देऊ नका!” वहिनींनी तिचा गालगुच्चा घेतला. मी कपाळावर हात मारून घेतला, अगदी वेळेवर. डबे रिकामे झाले, चपला पायात गेल्या, लोक जेवायला आपापल्या घरी गेले. आणि पोरगी पुन्हा बाथरूममध्ये गेली ती बाहेरच येईना.

मी दाराशी गेलो. आतून हुंदक्यांचा आवाज.

“अगं, ये बाहेर. खेळ आहे तो.”

“आय लॉस्ट इट.”

“तू कशी घालवशील? तिकडे मैदान दोन हजार मैलांवर. तुझ्या उठण्याचा काय संबंध?”

“मग काकू का म्हणतात?”

“काकूंचं ते वेड आहे.”

आतून, नाक ओढत, “तुम्ही पण मानता. तुम्ही सगळ्यांना उठवता. मी बघितलंय. ऑलवेज. गाडी, गाडी करून.”

मी दाराची मूठ सोडली.

“पण आपण चांगले खेळत असतो तेव्हाच का उठवता, बाबा?”

बायको माझ्यामागे उभी होती. हातात ताटं होती. तिची अट मला आठवत होती आणि तिला तर आठवतच होती. मला खोटं सुचत नव्हतं असं नाही. मी नट आहे, दाराच्या अलीकडे उभं राहून मला तीन उत्तरं सुचली होती, त्यातलं एक तर फार सुंदर होतं. पण त्या तिन्हींत मॅच तिनंच घालवलेली राहत होती. आणि मी इतका दमलो होतो, की सुंदर उत्तर म्हणायला लागणारा श्वाससुद्धा माझ्याकडे नव्हता.

“कारण मला आपण हरायला हवं होतं,” मी म्हणालो. “मी पैसे लावतो. समोरच्या बाजूनं. परचेस-बिरचेस काही नाही. हेच माझं काम. तू उठलीस म्हणून कोणी आउट झालं नाही. पण मी तुला उठवलं ते आउट व्हावेत म्हणून.”

कडी निघाली. तिचं तोंड सुजलं होतं. मला वाटलं, आता काही मोठं बोलेल. ती म्हणाली, “काकूंना माहितीये?”

“नाही.”

“मग त्यांना सांगा, मी नाही घालवली.”

“सांगेन.”

“आत्ता.”

मी फोन लावला. ती शेजारी उभी राहिली, हाताची घडी घालून. फोन इंजिनीअरसाहेबांनी उचलला. मी त्यांना सगळं सांगितलं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “त्या दिवशी माझ्या गाडीमागे कुणीच गाडी लावली नव्हती?”

“नाही, साहेब.”

“आणि मागच्या महिन्यात दोनदा?”

“तेव्हाही नाही.”

“तीन मजले, हो!” ते म्हणाले. मग वहिनींनी फोन घेतला आणि पोरीशी खूप वेळ गोड बोलल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत.

जेवायला बसलो. बायकोनं वाढलं. मी म्हणालो, “काहीतरी बोल.” ती म्हणाली, “बोलून झालंय माझं, चार वर्षांपूर्वी.” आमटी छान झाली होती. मला दोनदा घ्यावीशी वाटली आणि लाज वाटली म्हणून घेतली नाही.

त्यानंतर शुक्रवारी कुणी आलं नाही. जूनमध्ये शाळा संपली. बायकोनं नोकरीचा राजीनामा दिला होता. विमानतळावर पोरीनं मला मिठी मारली आणि बायकोनं गोळ्यांची पिशवी हातात दिली, कुठली सकाळची आणि कुठली रात्रीची ते वर लिहून. माझं भाषण तयार होतं. ते ऐकायला रांगेत कुणी थांबलं नाही.

तुम्हाला वाटेल मी त्याच दिवशी सोडलं. नाही सोडलं. रिकाम्या फ्लॅटमध्ये आणखी अडीच महिने केलं. कपाळावर हात मारायची गरज नव्हती, तरी हात आपोआप वर जायचा. एका दुपारी पैसे अडकलेली मॅच चालू असताना मी खुर्चीत झोपलो. जाग आली तेव्हा सामना संपला होता, जाहिराती चालू होत्या, आणि मी जिंकलो होतो. मी पाणी प्यालो आणि परत झोपलो. त्या झोपेतून उठल्यावर फोनची वायर काढली. मी सुधारलो वगैरे काही नाही. नुसता दमलो होतो.

काम मिळवून दिलं ते तीन मजले उतरलेल्या साहेबांनीच. रिफायनरीत दुरुस्तीसाठी शटडाउन निघालं होतं, टाइमकीपर हवा होता. “ड्राफ्ट्समनची जागा नाही,” ते फोनवर म्हणाले. “गेटवर उभं राहून कोण आलं, कोण गेलं ते लिहायचं. जमेल?” आवाज कोरडा होता. मी म्हणालो, जमेल. चव्वेचाळीसाव्या वर्षी, बावीस-तेवीसच्या पोरांबरोबर बाकावर बसून मी सेफ्टीचं व्याख्यान ऐकलं आणि हेल्मेट घातलं. पहिल्या दिवशी परतीच्या बसमध्ये असा झोपलो, की ड्रायव्हरनं शेवटच्या थांब्यावर हलवून उठवलं.

दर शुक्रवारी टेलिफोन कार्ड विकत घेऊन मी नाशिकला फोन करायचो. बायको तब्येत विचारायची, गोळ्या विचारायची, आणि फोन पोरीकडे द्यायची. पोरगी सावध बोलायची. नोकरी लागल्यावर पाचव्या की सहाव्या शुक्रवारी तिनं एकदम विचारलं, “काल कोण जिंकलं, सांगा.”

“काल मॅच होती?”

“खरंच माहीत नाही? प्रॉमिस?”

“नाही गं. सकाळी साडेचारला बस असते. काल आठलाच आडवा झालो.”

पलीकडे तिनं आईला काहीतरी विचारलं, आईनं काहीतरी उत्तर दिलं. मग ती सांगायला लागली. नाणेफेकीपासून. पहिल्या षटकात काय झालं, कोण कसा पायचीत झाला आणि तो खरं तर नव्हताच, कोणाची टोपी उडाली, मधे लाइट गेले म्हणून तीन षटकं शेजाऱ्यांकडे जाऊन बघावी लागली. उलटसुलट, मधेच मागे जाऊन, एक चेंडू विसरला म्हणून पुन्हा. मी बूथमध्ये काचेला डोकं टेकवून ऐकत होतो. आपले लोक चांगले खेळताहेत असं ती म्हणाली, आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या डावाच्या तिसाव्या षटकाला कार्ड संपलं.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. चाळीस हिंदुस्थानी भरलेल्या बसमध्ये त्या सामन्याशिवाय दुसरा विषय नव्हता. कुणी तोंड उघडलं की मी कानांत बोटं घालायचो. “भाईसाब को क्या हुआ?” म्हणायचे पोरं. बकाल्यात पेपर होता, तो मी उलटा करून ठेवला. दुकानदारानं लबन पुढे करत विचारलं, “काय ओ, रुसलाव काय त्या पेपरावर?”

“शुक्रवारपर्यंत बोलू नका,” मी म्हणालो. “मला अजून वीस षटकं ऐकायची आहेत.”